सोळाशे बत्तीस मतांचे अंतर

१७ एप्रिल २०१४ रोजी हिंगोली लोकसभा मतदारसंघात मतदान झाले आणि १६ मे रोजी मतमोजणी झाली. काँग्रेसचे उमेदवार कै. राजीव सातव यांना ४,६७,३९७ आणि शिवसेनेचे उमेदवार सुभाष वानखेडे यांना ४,६५,७६५ मते मिळाली. अंतर १,६३२ मतांचे. नऊ लाखांहून अधिक मते या दोघांत वाटली गेली असताना निकाल एखाद्या मोठ्या गावाच्या मतदारसंख्येवर येऊन ठेपला. ८१७ मतदारांनी आपले मत या उमेदवाराऐवजी त्या उमेदवारास दिले असते, तर निकाल उलटला असता. ८१६ जणांनीच तसे केले असते, तर दोघांची मते समसमान होऊन लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ६५ अन्वये चिठ्ठी टाकून निर्णय करावा लागला असता. हे काही केवळ गणिताचे कोडे नव्हे. २०१७ मध्ये मुंबई महानगरपालिकेच्या प्रभाग २२० चा निकाल चिठ्ठीनेच लागला, आणि २००८ मध्ये राजस्थानातील नाथद्वारा येथे विधानसभेचा उमेदवार अवघ्या एका मताने पराभूत झाला. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत चिठ्ठीचा प्रसंग तर आपल्या सदस्यांच्या चांगल्याच परिचयाचा आहे.

हिंगोली जिल्हा परभणीपासून विभक्त होऊन १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला. लोकसभा मतदारसंघ मात्र त्याहून जुना, १९७७ पासूनचा आहे. वसमत, कळमनुरी व हिंगोली हे जिल्ह्यातील तीन विधानसभा मतदारसंघ, नांदेड जिल्ह्यातील किनवट व हदगाव आणि पैनगंगेपलीकडील, यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड असे सहा मतदारसंघ मिळून तो बनतो. तीन जिल्हे आणि मराठवाडा-विदर्भ अशा दोन प्रदेशांत पसरलेल्या या क्षेत्राच्या निवडणुकीचे निवडणूक निर्णय अधिकारी हिंगोलीचे जिल्हाधिकारी असतात. या क्षेत्रात आज सुमारे दोन हजार मतदान केंद्रे आहेत. त्या मापाने २०१४ चे अंतर केंद्रामागे एक मतही भरत नाही.

इतक्या थोड्या फरकाने निकाल लागतो तेव्हा पराभूत पक्षाने तो मान्य करावा, यासाठी कार्यपद्धतीची प्रत्येक पायरी सर्वांच्या डोळ्यांदेखत पार पडावी लागते. मतदान सुरू होण्यापूर्वी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांचे अभिरूप मतदान घेऊन यंत्र पारखले जाते आणि ती मते पुसून यंत्र मोहोरबंद केले जाते. मतदाराची नोंद नोंदवहीत होते, बोटास शाई लागते, त्यानंतरच मतदान केंद्राध्यक्षाच्या नियंत्रणाखाली यंत्र एका मतासाठी खुले होते. मतदान संपल्यावर एकूण किती मते नोंदली गेली याचा हिशेब नमुना १७-सी मध्ये लिहून त्याची प्रत प्रत्येक प्रतिनिधीस देण्यात येते. मोजणीच्या दिवशी यंत्राने दाखविलेला आकडा या हिशेबाशी ताडून पाहता येतो. पुष्कळ प्रतिनिधी ही प्रत न घेताच घरी जातात. तसे होऊ नये. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीपासून प्रत्येक यंत्रास मतपावतीची जोड मिळाली. पावती सात सेकंद दिसून पेटीत पडते, आणि प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रांच्या पावत्या मोजून यंत्राच्या आकड्याशी पडताळल्या जातात. सर्व पावत्या मोजाव्यात ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी अमान्य केली; योगायोग असा की, त्याच दिवशी हिंगोलीत लोकसभेचे मतदान चालू होते.

केंद्रावर गेल्यानंतर आपल्या नावाने कोणी आधीच मत देऊन गेल्याचे आढळले तरी मतदाराने निमूटपणे परतू नये. ओळखीविषयीच्या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे दिल्यास त्याला कागदी मतपत्रिका मिळते. यास प्रदत्त मत म्हणतात. ते पाकिटात स्वतंत्र ठेवले जाते व सामान्य मोजणीत धरले जात नाही. परंतु निवडणुकीस न्यायालयात आव्हान दिले गेल्यास, विशेषतः अंतर अल्प असल्यास, त्याचे महत्त्व फार मोठे ठरू शकते.

तथापि, मतदानाच्या दिवशी दुरुस्त न होणारी एक गोष्ट आहे आणि ती म्हणजे मतदार यादी. मराठवाड्याने पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ मध्ये हैदराबाद राज्याचा भाग म्हणून पाहिली. निजामाच्या राजवटीत प्रौढ मताधिकार नव्हता; मुक्तीनंतर चार वर्षांच्या आत तो प्रत्येक स्त्री-पुरुषास मिळाला. त्या वेळी देशभरात, मुख्यतः उत्तरेकडील राज्यांत, सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची पत्नी’ किंवा ‘अमक्याची आई’ एवढेच सांगितले होते. हक्क संविधानाने दिला होता, तो हुकला यादीत.

आज हिंगोली जिल्ह्यात हा प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहतो. जिल्ह्यातून अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी वा अन्य मजुरीसाठी बाहेर पडतात. घराला कुलूप दिसले की, ‘येथे राहत नाहीत’ असा शेरा मारण्याचा मोह मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यास होतो. हे काम बहुधा शिक्षक व अंगणवाडी सेविका करतात, आणि त्यांच्यावरील कामाचा भार लक्षात घेता तो मोह समजण्यासारखाही आहे. परंतु कायदा त्या शेऱ्याच्या बाजूने नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम २० प्रमाणे तात्पुरत्या अनुपस्थितीमुळे कोणाचाही सामान्य रहिवास संपुष्टात येत नाही. पोटासाठी पाच महिने परगावी गेलेला मजूर आपल्या गावाचाच मतदार राहतो. मात्र दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही, आणि त्यासाठी खोटे प्रतिज्ञापन केल्यास एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद आहे.

नाव नोंदविण्यासाठी नमुना ६, वगळण्यासाठी नमुना ७ आणि दुरुस्तीसाठी नमुना ८ वापरतात. मतदाराचे वय १९८९ पासून २१ ऐवजी १८ वर्षे झाले. पूर्वी केवळ १ जानेवारी हाच अर्हता दिनांक होता. २०२२ पासून १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर हेही धरले जातात. त्यामुळे फेब्रुवारीत अठरा वर्षे पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्यास पुढील वर्षाची वाट पाहावी लागत नाही. कनिष्ठ महाविद्यालयांतील शिक्षकांनी ही बाब वर्गात सांगण्याजोगी आहे. नामनिर्देशनपत्रे दाखल करण्याचा अखेरचा दिवस उलटल्यावर त्या निवडणुकीच्या यादीत नाव समाविष्ट होत नाही.

ग्रामपंचायत, पंचायत समिती व जिल्हा परिषद यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. तेथे मतदाराच्या हाती एकच मत असते असे नाही. जिल्हा परिषदेच्या गटासाठी एक व पंचायत समितीच्या गणासाठी एक अशी दोन मते, आणि ग्रामपंचायतीत प्रभागातील जागांइतकी मते त्याला द्यावयाची असतात. परंतु या निवडणुकांसाठी वेगळी यादी मुळातून तयार होत नाही. आयोगाने ठरविलेल्या दिनांकास अस्तित्वात असलेली विधानसभेची यादीच घेऊन तिची प्रभागवार विभागणी करण्यात येते. प्रारूप यादीवर हरकत घेताना, नाव चुकीच्या प्रभागात गेले किंवा विधानसभेच्या यादीत असूनही प्रभागाच्या यादीत उतरले नाही, एवढीच तक्रार ग्राह्य धरली जाते. विधानसभेच्या यादीतच नाव नसलेल्या मतदारास त्या टप्प्यावर तहसील कार्यालय काही मदत करू शकत नाही. म्हणून सरपंच व सदस्यांनी प्रभाग रचनेची वाट न पाहता, कुटुंबे कामावर निघण्यापूर्वी, गावाच्या भागाची विधानसभा यादी चावडीवर वाचून घेणे सोयीचे ठरते.