एकच विद्यापीठ, निराळे अभ्यासक्रम : बदलीच्या प्रश्नाचे विवेचन

नीट परीक्षेचा निकाल लागला की आपल्यापैकी बहुतेकांच्या चिकित्सालयात आणि औषधी दुकानात एक प्रश्न हमखास विचारला जातो. "मुलाला बी.ए.एम.एस.ला प्रवेश मिळतो आहे. घेऊन ठेवतो. पुढे वर्षभराने एम.बी.बी.एस.ला बदली करून घेता येईल ना? विद्यापीठ तर एकच आहे." विचारणारा आपला रुग्ण असतो, नातेवाईक असतो, कधी व्यवसायबंधूही असतो. उत्तर देणाऱ्यावर त्याचा विश्वास असल्याने ते नेमके असणे अगत्याचे आहे, कारण त्यावर एका विद्यार्थ्याची वर्षे आणि एका कुटुंबाची पुंजी अवलंबून असते. म्हणून या विषयाची साधकबाधक चर्चा प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

गैरसमजाचे मूळ

हा प्रश्न अगदीच निराधार आहे असे नाही. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना नाशिक येथे १९९८ साली झाली. तत्पूर्वी आयुर्वेद महाविद्यालये पुणे, मुंबई, नागपूर इत्यादी विद्यापीठांशी संलग्न होती. नव्या विद्यापीठाने वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद व युनानी, होमिओपॅथी आणि संलग्न आरोग्यविज्ञान या सर्व विद्याशाखा एका छताखाली आणल्या. परीक्षा घेणारी संस्था एक आणि पदवी देणारी संस्थाही एक. मग एका शाखेतून दुसरीकडे का जाता येऊ नये, असे पालकांस वाटणे स्वाभाविक आहे.

त्यात अन्य विद्यापीठांतील अनुभवाची भर पडते. अभियांत्रिकीत प्रथम वर्षाच्या गुणांवर शाखाबदल मिळाल्याची उदाहरणे सर्वांस ठाऊक असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये जाहीर केलेल्या पदवी अभ्यासक्रमाच्या श्रेयांक आराखड्यात तर दुसऱ्या सत्राच्या अखेरीस मुख्य विषय बदलण्याची मुभा स्पष्टपणे दिलेली आहे. शेजारचा विद्यार्थी रसायनशास्त्र सोडून वनस्पतिशास्त्र घेऊ शकतो, तर आपला मुलगा का नाही, अशी तुलना मग केली जाते.

अडसर कोठे आहे?

या तुलनेत एक महत्त्वाची गोष्ट सुटते. आरोग्यविज्ञानाच्या पदवीत विद्यापीठाचे स्थान मुख्यतः संलग्नीकरण, परीक्षा आणि पदवीदान यांपुरते असते. प्रवेशाची पात्रता, अभ्यासक्रमाची रचना आणि किमान मानके ही केंद्रीय आयोग ठरवितात. आपल्या शास्त्राकरिता पूर्वी १९७० च्या अधिनियमान्वये स्थापन झालेली भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषद होती. २०२० च्या अधिनियमान्वये, जून २०२१ पासून तिचे स्थान भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोगाने घेतले. आधुनिक वैद्यकाचा आयोग निराळा, होमिओपॅथीचा निराळा, दंतवैद्यकाची नियामक संस्थाही निराळी. एका आयोगाच्या अभ्यासक्रमातील वर्ष दुसऱ्याच्या अभ्यासक्रमात वजा धरण्याची तरतूद नियमांत नाही. जे नियमांत नाही ते विद्यापीठाचे कुलगुरू देऊ शकत नाहीत, प्राचार्यही देऊ शकत नाहीत.

दुसरा अडसर गुणवत्तायादीचा. प्रत्येक जागा नीटमधील गुणांच्या क्रमाने, केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून भरली जाते. वर्षभराने मागील दाराने बदली दिली, तर त्या जागेवर अधिक गुण असूनही बाहेर राहिलेल्या विद्यार्थ्यावर अन्याय होईल. तेव्हा ही बंदी कोणाच्या आकसातून आलेली नसून तिच्यामागे न्यायाचे तत्त्व आहे.

तिसरे कारण अभ्यासक्रमातच आहे. २०२२ च्या नियमावलीनुसार बी.ए.एम.एस.चे प्रथम व्यावसायिक वर्ष अठरा महिन्यांचे असून त्यात संस्कृत व आयुर्वेद इतिहास, पदार्थविज्ञान, क्रियाशारीर, रचनाशारीर आणि संहिता अध्ययन हे विषय आहेत. एम.बी.बी.एस.च्या प्रथम वर्षाचा कणा शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन हा आहे. रचनाशारीराचा काही भाग समान असला तरी पदार्थविज्ञान व संहिता यांना तिकडे स्थान नाही आणि जीवरसायनाच्या स्वतंत्र अध्ययनाची उणीव इकडून भरून निघत नाही. अर्धवट समान असलेली दोन वर्षे परस्परांच्या जागी बसविता येत नाहीत.

कोणती बदली शक्य आहे?

अभ्यासक्रम बदलता येत नसला तरी त्याच अभ्यासक्रमात राहून महाविद्यालय बदलता येते. या दोन बाबींची गल्लत वारंवार होते. २०२२ च्या नियमावलीप्रमाणे विद्यार्थ्यास प्रथम व्यावसायिक परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर दुसऱ्या आयुर्वेद महाविद्यालयात स्थलांतर मागता येते. त्यास दोन्ही महाविद्यालयांची व विद्यापीठाची संमती लागते आणि तेथे जागा रिक्त असावी लागते. अनुत्तीर्ण विद्यार्थ्यास, तसेच सत्राच्या मध्यावर, हे स्थलांतर मिळत नाही. आंतरवासितेसाठी नियम थोडा सुलभ आहे : एकाच विद्यापीठांतर्गत बदली असल्यास दोन्ही महाविद्यालयांची संमती पुरते, विद्यापीठे भिन्न असल्यास त्यांचीही संमती लागते. घरातील आजारपण वा आर्थिक अडचण यांमुळे गावाजवळ येऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास ही माहिती उपयोगी पडेल.

औषधनिर्माणशास्त्राचे उदाहरण

औषधी दुकानदार बंधू येथे रास्त शंका घेतील की, डी.फार्म. झालेला विद्यार्थी बी.फार्म.च्या थेट दुसऱ्या वर्षात जातो, ते कसे? ही थेट प्रवेशाची सोय खरीच आहे आणि नियमानुसारच आहे. परंतु तेथे पदविका व पदवी या दोहोंचे मानक एकच संस्था, म्हणजे फार्मसी कौन्सिल ऑफ इंडिया, ठरविते. पहिली पायरी दुसरीला जोडलेली असावी हे गृहीत धरूनच नियम लिहिलेले आहेत. शिवाय विद्यार्थी आधीचा अभ्यासक्रम पूर्ण करून, उत्तीर्ण होऊन येतो. मध्येच सोडून येत नाही. तात्पर्य, नियामक एक, विषय सलग आणि समकक्षता लेखी असेल तेथेच दार उघडे असते. बी.ए.एम.एस. आणि एम.बी.बी.एस. यांच्यामध्ये या तीनपैकी एकही गोष्ट आज नाही.

मागे काय घडले, पुढे काय संभवते

दोन पद्धतींमध्ये पूल बांधण्याचे प्रयत्न पूर्वी झाले नाहीत असे नव्हे. विसाव्या शतकाच्या मध्यास मिश्र अभ्यासक्रमाची महाविद्यालये देशात अनेक ठिकाणी होती. त्यांपैकी मद्रासचे एकात्मिक वैद्यकाचे महाविद्यालय १९६० मध्ये किल्पॉक वैद्यकीय महाविद्यालय झाले. काशी हिंदू विद्यापीठातही त्याच वर्षी आयुर्वेद महाविद्यालयातून वैद्यकीय विज्ञान महाविद्यालय उभे राहिले. यावरून आम्हास असे दिसते की, पूल एकाच दिशेच्या वाहतुकीसाठी बांधला गेला की काही काळाने अलीकडचा काठच ओस पडतो.

२०१९ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या मसुद्यात आरोग्यविज्ञानाची पहिली एक-दोन वर्षे समान ठेवून नंतर शाखा निवडण्याची कल्पना मांडलेली होती. २०२० च्या अंतिम धोरणात ती त्या स्वरूपात राहिली नाही. मात्र आधुनिक वैद्यकाच्या विद्यार्थ्यास आयुषचे व आयुषच्या विद्यार्थ्यास आधुनिक वैद्यकाचे मूलभूत ज्ञान असावे, हे तत्त्व स्वीकारले गेले. मे २०२५ मध्ये केंद्रीय आयुष राज्यमंत्री प्रतापराव जाधव यांनी पुदुच्चेरी येथील जिपमर संस्थेत एम.बी.बी.एस. व बी.ए.एम.एस. यांच्या एकत्रित अभ्यासक्रमाविषयी घोषणा केली. अशा योजनांचे गुणदोष हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे एवढेच नमूद करतो की, त्या नव्या प्रवेशासाठी असतात. आज दुसऱ्या अभ्यासक्रमात शिकणाऱ्यास त्यांच्या भरवशावर बसविणे उचित नाही.

विचारणाऱ्यास काय सांगावे?

आमच्या मते पुढील मुद्दे स्पष्टपणे सांगावेत.

१. दुसऱ्या शाखेत जावयाचे असेल तर पुन्हा नीट देऊन, नव्या प्रवेशफेरीतून, पहिल्या वर्षापासून आरंभ करणे हाच मार्ग आहे. आधीची वर्षे मोजली जात नाहीत.

२. त्याच वर्षाच्या पुढील फेऱ्यांतून अधिक पसंतीची जागा मिळण्याची शक्यता असेल, तर फेरीनिहाय नियम आधी वाचावेत. कोणत्या फेरीनंतर जागा सोडता येते, शुल्काचे काय होते, मूळ प्रमाणपत्रे कधी परत मिळतात, तसेच आधी आरोग्यविज्ञानास प्रवेश घेतलेल्यांना पुढील वर्षी कोणत्या अटी लागू होतात, हे त्या त्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. मागील वर्षाच्या ऐकीव माहितीवर विसंबू नये.

३. "विद्यापीठात ओळख आहे, बदली करून देतो" असे म्हणून पैसे मागणाऱ्यास दारातूनच परत पाठवावे. जी तरतूदच अस्तित्वात नाही, ती कोणी मिळवून देऊ शकत नाही.

४. पुन्हा नीट देण्याचा निश्चय असेल तर तो प्रथम वर्षाच्या आरंभीच व्हावा. एक पाय इकडे व एक तिकडे ठेवणाऱ्याचे दोन्हीकडे नुकसान होते. शिवाय प्रवेशप्रक्रिया संपल्यावर सोडलेली जागा बहुधा रिक्तच राहते आणि आयुर्वेद शिकण्याची खरी इच्छा असलेल्या दुसऱ्या कोणाची तरी संधी जाते.

५. पदवी पूर्ण केल्यावर क्षेत्रविस्ताराचे मार्ग पुष्कळ आहेत. आयुर्वेदातील पदव्युत्तर शिक्षण, सार्वजनिक आरोग्य, रुग्णालय व्यवस्थापन, औषधनिर्मिती, वनौषधी संशोधन ही क्षेत्रे स्नातकास खुली आहेत. अर्धवट सोडलेल्या दीड वर्षास बाजारात किंमत नसते, पूर्ण झालेल्या पदवीस ती निश्चित असते.

आपले कर्तव्य

चरकसंहितेच्या विमानस्थानात, वैद्य होऊ इच्छिणाऱ्याने प्रथम शास्त्राची आणि नंतर आचार्याची परीक्षा करावी असे सांगितले आहे. हा क्रम आज उलटा झाला आहे. आधी प्रवेश, मग महाविद्यालय आणि सर्वांत शेवटी शास्त्र. दुसरीकडे क्रमांक लागला नाही म्हणून आलेला विद्यार्थी आपल्या शास्त्राचा शत्रू नव्हे. त्यांपैकी कित्येक जण पुढे उत्तम वैद्य झाले आहेत. परंतु त्यास बदलीची खोटी आशा देऊन वर्गात बसविले, तर तो शारीराच्या वर्गात बसूनही दुसऱ्याच परीक्षेची पुस्तके चाळत राहतो.

म्हणून आम्ही असे सुचवितो की, प्रत्येक जिल्हा शाखेने प्रवेशकाळात किमान एक मार्गदर्शन बैठक घ्यावी. तीत बी.ए.एम.एस.चा विद्यार्थी साडेचार वर्षे व आंतरवासितेचे एक वर्ष काय शिकतो, हे पालकांपुढे मांडावे. ज्यास हे शास्त्र नको आहे त्यास ते आदरपूर्वक नको म्हणू द्यावे आणि ज्यास हवे आहे त्यास एखादा दिवस आपल्या चिकित्सालयात व औषधालयात बसू द्यावे. काढा कसा सिद्ध होतो, नाडी कशी पाहिली जाते, हे त्याने प्रवेशअर्जापूर्वी पाहिले तर निर्णय त्याचा स्वतःचा होईल, आणि वर्षभराने बदलीचा प्रश्न घेऊन आपल्या दाराशी येण्याची वेळ त्याच्यावर येणार नाही.