डुलत्या ओट्यावरचा संसार: शिडाच्या होडीतल्या स्वयंपाकघराबद्दलचे गैरसमज

परभणी जिल्ह्यात होडी म्हटली की येलदरीच्या जलाशयात जाळी सोडणाऱ्या मच्छीमारांची होडी आठवते, आणि जहाज म्हटले की टीव्हीवर दिसणारे अनेक मजली तरंगते हॉटेल. या दोहोंच्या मधे आणखी एक दुनिया आहे. तीस-चाळीस फुटांची, फार तर पन्नास-साठ फुटांची शिडाची होडी; तिच्यात दोन-चार माणसे आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्‌महिने राहतात. तिथेच झोपतात, तिथेच भात लावतात, तिथेच भांडी घासतात. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत राहणाऱ्यांच्या मनात या संसाराबद्दल बरेच समज आहेत आणि त्यांतले अनेक वस्तुस्थितीच्या नेमके उलट आहेत. मराठवाड्याच्या स्वयंपाकघरातल्या कितीतरी वस्तू आणि सवयी या होडीत महागड्या यंत्रांपेक्षा जास्त कामी येतात, हे तर सहसा कुणी सांगतच नाही.

समुद्र हे किनाऱ्यावरच्यांचेच काम, हा पहिला समज. भारतीय नौदलाची ५६ फुटी ‘तारिणी’ १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून निघाली आणि पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून २१ मे २०१८ रोजी परतली. तिच्यावर सहा महिला अधिकारी होत्या. त्यांपैकी वर्तिका जोशी आणि पायल गुप्ता उत्तराखंडच्या, प्रतिभा जामवाल हिमाचलच्या, विजया देवी मणिपूरच्या आणि ऐश्वर्या हैदराबादच्या. यांतल्या एकाही राज्याला समुद्रकिनारा नाही. सहाव्या, पी. स्वाती, तेवढ्या विशाखापट्टणमच्या. परभणीच्या मुलीने नकाशा पाहून मागे सरावे, असे यात काहीच नाही.

होडी मोठी हवी, यंत्रांनी भरलेली हवी, हा दुसरा समज. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता जगाची फेरी पूर्ण केली. असे करणारे ते पहिलेच. त्यांची ‘सुहेली’ अवघी ३२ फुटांची होती आणि ती मुंबईत, सागवानी लाकडात बांधलेली होती. लिन आणि लॅरी पार्डी या जोडप्याची ‘सेराफिन’ तर २४ फूट ४ इंचांची. त्यांनी ती स्वतः बांधली, तिला इंजिनच बसवले नाही आणि तिच्यातून जग पाहिले. होडी लहान असली की सामान कमी लागते, दुरुस्ती स्वतःला करता येते आणि खर्च आवाक्यात राहतो. नवी होडी महागच असते, हे खरे. पण होडीत राहण्याचा खर्च तिच्या लांबीबरोबर झपाट्याने चढतो, हेही तितकेच खरे.

आता पाण्याकडे येऊ. चहूकडे समुद्र असताना पाण्याची कसली चिंता, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम मीठ असते. ते बाहेर टाकायला शरीराला प्यायलेल्यापेक्षा जास्त पाणी खर्ची घालावे लागते, म्हणजे खारे पाणी पिऊन माणूस आणखी कोरडा पडतो. मग पुढचा प्रश्न हमखास येतो: घरी भिंतीवर आरओ लावतो, तसा होडीत लावला तर? तत्त्व तेच, पण ताकदीत फार अंतर आहे. घरगुती आरओचा पंप चार-सहा बार दाबावर चालतो. समुद्राच्या पाण्याचा नुसता परासरण दाब मोडायलाच सत्तावीस बारच्या आसपास जोर लागतो आणि गोडे पाणी मिळवायचे तर पन्नास-साठ बारपर्यंत जावे लागते. होडीवरचे पाणी गोडे करणारे यंत्र म्हणून वेगळेच असते, वीज खाते, आणि त्याचा पडदा क्लोरीनने किंवा बंदराच्या पाण्यातल्या तेलाने खराब होतो. यंत्र असले तरी सगळी भिस्त त्याच्यावर ठेवू नये.

‘सुहेली’वर असे यंत्र नव्हते, टाक्या होत्या. दक्षिण महासागरातल्या वादळात होडी आडवी झाली, त्यानंतर टाक्यांतले पाणी पिण्याजोगे राहिले नाही. बाजूला डब्यांत ठेवलेले पाणी आणि पावसाचे साठवलेले पाणी यांवर नॉक्स-जॉन्स्टन यांनी पुढची मजल मारली. तेव्हापासूनच नव्हे, त्याच्या आधीपासून जाणते दर्यावर्दी एकच गोष्ट सांगत आले आहेत: सगळे पाणी एका टाकीत ठेवू नका. पाऊस धरायचा तर शिडाच्या खाली किंवा ताडपत्रीच्या कडेला बादली लावतात. पहिल्या सरीचे पाणी सोडून देतात, कारण कापडावर वाळलेले मीठ त्यात उतरते.

पिण्याला आणि रांधायला मिळून माणशी रोज दोन ते चार लिटर, हा समुद्रावरचा नेहमीचा हिशोब. ज्या घरांनी टँकरची वाट पाहत उन्हाळे काढले आहेत, त्यांना हा हिशोब कुणी शिकवायला नको. शहरातल्या नळाची सवय असलेल्याला मात्र तो जड जातो. म्हणून लहान होडीत विजेच्या दाबाचा नळ टाळून पायाने दाबायचा पंप बसवतात. पाय थांबला की पाणी थांबते, हात मोकळे राहतात. बहुतेक जण दोन पंप ठेवतात, एक गोड्या पाण्याचा आणि दुसरा थेट समुद्राचा. भांडी समुद्राच्या पाण्याने घासायची आणि शेवटी पेलाभर गोड्या पाण्याने विसळायची. इथे वडीचा साबण उपयोगाचा नाही. आपल्याकडच्या जड बोअरच्या पाण्यात फेस होत नाही, त्याच कारणाने, म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे, समुद्राच्या पाण्यातही होत नाही. भांड्यांचे पातळ डिटर्जंट चालते. बंदरात उभे असताना मात्र समुद्राचे पाणी भांड्यांना लावायचे नाही. तिथे सगळ्यांची घाण उतरलेली असते.

शेगडीबद्दल दोन टोकांचे समज आहेत. एक, हलत्या होडीत गॅस पेटवणे म्हणजे जिवाशी खेळ. दुसरा, घरचा सिलिंडर ओट्याखाली ठेवला की झाले. पहिला अर्धवट खरा, दुसरा पूर्ण घातक. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. घरात गळती झाली तर तो जमिनीलगत पसरतो, दार उघडले की निघून जायला वाट मिळते. होडीला खाली दारच नसते. गॅस तळाच्या पोकळीत साचून बसतो आणि तिथेच पाणी उपसणाऱ्या पंपाचे विजेचे बटण असते. हवेत साधारण दोन टक्के गॅस झाला की एक ठिणगी पुरते. म्हणून सिलिंडरचा कप्पा वेगळा, आतल्या खोलीकडून पूर्ण बंद, आणि त्याच्या तळाला थेट समुद्रात उघडणारे भोक. गॅस ओळखणारे यंत्र डोक्यावर न लावता खाली लावायचे. स्वयंपाक झाला की आधी सिलिंडरवरचा कॉक बंद करायचा, नळीत उरलेला गॅस जळून जाऊ द्यायचा आणि मग शेगडीचे बटण फिरवायचे.

खरी गंमत शेगडीच्या बसवणीत आहे. ती ओट्यावर ठेवत नाहीत, दोन बाजूंच्या खिळींवर पाळण्यासारखी टांगतात. होडी वाऱ्याने वीस अंश कलली तरी शेगडी सपाट राहते. भांडी घसरू नयेत म्हणून कडेला कठडा आणि भांड्याला दोन्हीकडून पकडणारे चिमटे. पण ही शेगडी एकाच दिशेला झुलते. होडी पुढे-मागे आदळली की तिचा इलाज नाही. शेगडीखालच्या भट्टीचे जड दार खाली उघडले की तोल बदलतो आणि वरचे पातेले अंगावर येऊ शकते. अनुभवी माणूस म्हणून उकळता चहा हातातल्या कपात कधी ओतत नाही. कप खोल सिंकमध्ये ठेवायचा आणि त्यात ओतायचे. सांडले तरी सिंकमध्येच. खवळलेल्या समुद्रात रांधणारा उकाड्यातही जाड जलरोधक विजार चढवतो, कमरेला पट्टा बांधून ओट्याशी स्वतःला अडकवून घेतो. भाजण्यावर उपचार करायला दवाखाना दहा-पंधरा दिवसांच्या अंतरावर असतो.

इतके ऐकल्यावर कुकरची भीती वाटणे साहजिक आहे. वस्तुस्थिती अशी की लहान होडीत प्रेशर कुकरइतके सुरक्षित भांडे दुसरे नाही. झाकण अडकलेले असते. उलटला तरी आतले उकळते वरण अंगावर येत नाही. आतून बसणारे झाकण असलेल्या हॉकिन्ससारख्या कुकरचे तर दाब असेपर्यंत झाकण निघतच नाही. आतले तापमान १२० अंशांपर्यंत चढते, त्यामुळे डाळ लवकर शिजते आणि गॅस वाचतो. वाफ कोंडली गेल्याने पाणीही कमी लागते. फक्त तो अर्ध्यापेक्षा जास्त भरू नये. होडी कलली की डाळीचा फेस शिट्टीच्या भोकात जाऊन ते बुजू शकते. परदेशी नौकानयनाच्या पुस्तकांत कुकरची आवर्जून शिफारस असते, आपल्याकडे तो प्रत्येक घरात आहे. रुखवतात मांडलेला तीन लिटरचा कुकर आणि दोन खोल वाडगे एवढ्यावर दोघांचे रांधणे-जेवणे भागते. ताट मात्र घरीच राहू द्यावे. सपाट ताटातले वरण पहिल्या लाटेला मांडीवर येते.

भाकरीचे काय, हा प्रश्न परभणीच्या माणसाला पडणारच. उत्तर थोडे कठीण आहे. भाकरी थापायला दोन हात लागतात आणि होडीत एक हात कायम आधाराला धरलेला असतो. त्याहून मोठी अडचण पिठाची. ज्वारीच्या दाण्यातल्या कोंबात तेल असते. दळले की लायपेज नावाचे विकर त्या तेलावर काम करू लागते आणि पीठ खवट होते. दमट हवेत ते आणखी लवकर बिघडते, आणि जुन्या पिठाची भाकरी थापताना चिरते. थालीपिठाच्या भाजणीचे तसे नाही. भाजताना धान्यातला ओलावा जातो आणि ते विकरही निकामी होते, म्हणून भाजणी कितीतरी जास्त टिकते. थंड, खोल तव्यात गोळा ठेवून एका हाताने थापायचा आणि मग खाली जाळ लावायचा.

कोरडे म्हणजे टिकाऊ, या समजुतीलाही समुद्रावर तडा जातो. एप्रिल-मेच्या मराठवाडी उन्हात कडकडीत वाळलेले सांडगे-पापड वर्षभर राहतात, कारण इथली हवाच कोरडी असते. समुद्राची हवा त्यांना पुन्हा ओले करते आणि काही आठवड्यांत बुरशी धरते. तेव्हा घट्ट झाकणाचे डबे, आणि प्रत्येक डब्यात थोडाच माल. एक उघडला तरी बाकीचे कोरडे राहतात. डबाबंद मालावरची कागदी लेबले ओलाव्याने सुटतात, म्हणून नाव पत्र्यावर पक्क्या शाईने लिहितात. पुठ्ठ्याची खोकी तर होडीत येऊच द्यायची नाहीत, त्यांच्या पन्हाळ्यांत झुरळांची अंडी असतात.

फ्रीज नसेल तर ताजे काहीच मिळणार नाही, हा आणखी एक समज. बारा व्होल्टचा लहान फ्रीज दिवसाला तीस ते साठ अँपिअर-तास वीज घेतो, उष्ण समुद्रात त्याहून जास्त. शंभर वॅटचे सौरपॅनेल चांगल्या उन्हात तीसच्या आसपास देते. म्हणजे एका फ्रीजसाठी दोन-तीन पॅनेल आणि जड बॅटऱ्या आल्या. घ्यायचाच तर वरून उघडणारा घ्यावा. थंड हवा जड असल्याने झाकण उघडले तरी ती आतच राहते. पण त्यावाचूनही चालते. कधीच फ्रीजमध्ये न ठेवलेली, न धुतलेली अंडी काही आठवडे राहतात. अखंड लाल भोपळा, कोबी, लिंबे टिकतात. कांदे-बटाटे वेगवेगळ्या जाळ्यांत ठेवावेत, एकत्र ठेवले की बटाट्यांना लवकर कोंब फुटतात.

आणि मटकी. जेम्स लिंड या नौदलातल्या वैद्याने १७४७मध्ये ‘सॅलिसबरी’ जहाजावर बारा रोग्यांवर प्रयोग करून संत्र्या-लिंबांनी स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग, बरा होतो, हे दाखवले. कोरड्या कडधान्यात क जीवनसत्त्व जवळपास नसते; मोड आले की तयार होते. फडक्यात बांधलेली मूठभर मटकी दोन दिवसांत ताजी भाजी देते, त्याला वीज लागत नाही आणि पाणी पेलाभर पुरते. परभणीच्या घरातली ही रोजची गोष्ट लांबच्या सफरीत औषधाइतकी मोलाची आहे.

स्टेनलेस स्टील गंजत नाही, असे सगळेच धरून चालतात. समुद्राच्या मिठातले क्लोराइड त्यावर बारीक टोचे पाडते. स्वस्त भांडी बहुधा २०२ दर्जाची असतात, ती लवकर डागाळतात. ३०४ बरे. शिडाच्या दोरांचे कडे-हूक मात्र ३१६चे लागतात, त्यात मॉलिब्डेनम असते. ॲल्युमिनियमचा कुकर नेला तर तो खाऱ्या पाण्यात भिजत ठेवू नये.

आगीची तयारी स्वयंपाकघराचाच भाग आहे. अग्निशामक शेगडीच्या मागे टांगलेला अनेक होड्यांत दिसतो आणि तिथे तो निरुपयोगी असतो, कारण तो काढायला ज्वाळांवरून हात घालावा लागतो. त्याची जागा बाहेर पडायच्या दाराजवळ. शेगडीजवळ आग विझवायची चादर हवी. पेटलेल्या तेलावर पाणी ओतले तर ते क्षणात वाफ होऊन तेल चहूकडे उडवते, म्हणून चालत्या होडीत तळण करतच नाहीत. पापड जाळावर भाजता येतात. कुरडयाही नेता येतात, फक्त तळायच्या नाहीत; मराठवाड्यात करतात तशी भिजवून, कांदा परतून, त्यांची भाजी करायची.