डुकराचं मरण, डुकराचं जगणं

ई. बी. व्हाइट यांची (१८९९–१९८५) ओळख करून देताना दोन वेगळी माणसं असल्यासारखं बोललं जातं. एक ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाचा निबंधकार. कॉर्नेल विद्यापीठातले आपले प्राध्यापक विल्यम स्ट्रंक यांची जुनी लेखनपुस्तिका यानंच १९५९ साली वाढवून काढली आणि फालतू शब्द गाळायची सवय अमेरिकी विद्यार्थ्यांना लावली. दुसरा ‘शार्लट्स वेब’ लिहिणारा मुलांचा लेखक. ही वाटणी मला पटत नाही. मुलांसाठी लिहायला बसताना व्हाइट यांनी निबंधकाराचा अंगरखा खुंटीला टांगून ठेवला नव्हता.

याचा पुरावा एका डुकरात आहे. १९३८ साली व्हाइट न्यूयॉर्क सोडून मेन राज्यातल्या आपल्या शेतावर राहायला गेले. वसंतात डुकराचं पिल्लू विकत आणायचं, उन्हाळाभर खाऊपिऊ घालायचं आणि थंडी पडली की कापायचं, हा तिथला रिवाज त्यांनीही पाळला. एका वर्षी डुक्कर आजारी पडलं. ज्याला पुढे मारायचंच होतं त्याला वाचवण्यासाठी त्यांनी एरंडेल पाजलं, एनिमा दिला, गुरांचा डॉक्टर बोलावला. तरी ते गेलं. जानेवारी १९४८च्या ‘अटलांटिक मंथली’त आलेल्या, या प्रसंगावरच्या लेखात व्हाइट स्वतःची विसंगती झाकत नाहीत, उलट थोडं हसू स्वतःकडेच वळवतात. चार वर्षांनी, १९५२ साली ‘शार्लट्स वेब’ आलं. त्यात विल्बर नावाचं डुक्कर नाताळच्या सुमारास कापलं जाणार असतं आणि गोठ्यातली शार्लट आपल्या जाळ्यात त्याच्या कौतुकाचे शब्द विणून त्याला वाचवते. (शार्लट म्हणजे कोळ्याची मादी. आपल्याकडे ‘कोळीण’ म्हटलं की मासळीची टोपली आठवते, म्हणून हा खुलासा.)

यावर कोणी म्हणेल, लेखात जे डुक्कर हातचं गेलं ते गोष्टीत वाचवून लेखकानं मनाचं ओझं उतरवलं, एवढंच. पुस्तक गोडगोड असतं तर हे मान्य केलं असतं. पण व्हाइट यांनी आधी कोळ्यांचा अभ्यास केला. शार्लटचं आडनाव ‘कॅव्हॅटिका’ हे गोठ्यात जाळी विणणाऱ्या कोळ्याच्या शास्त्रीय नावातून उचललं. ती माशा पकडून त्यांचं रक्त पिते हे विल्बरला आवडत नाही, तरी लेखक ते गाळत नाही. शब्दांबद्दलही त्यांच्यात भाबडेपणा नाही. जाळ्यात काय लिहायचं हे शोधायला टेंपलटन उंदीर उकिरड्यावरून मासिकांचे कपटे आणतो, साबणाच्या खोक्यावरची जाहिरातही आणतो. गावकरी मात्र तो चमत्कार समजून डुकराचे गोडवे गातात, कोळ्याकडे फारसं कुणी बघत नाही. तरुणपणी जाहिरातीच्या धंद्यात काम केलेल्या माणसाचा हा तिरकस विनोद आहे.

दुसरा आक्षेप जुना आहे: मुलांच्या पुस्तकात मरण कशाला? शार्लट जत्रेच्या मैदानावर मरते, आणि त्या वेळी तिच्याजवळ कोणीही नसतं. हे क्रूर वाटतं खरं. पण कोळ्याची ही मादी अंडी घातल्यावर फार जगत नाही. तिला जगवायचं तर व्हाइट यांना निसर्गाविषयी खोटं बोलावं लागलं असतं. शब्दांनी डुक्कर वाचतं, शब्द विणणारी वाचत नाही, हा फरक ते मुलांपासून लपवत नाहीत. सांत्वन म्हणून देतात तेही मोजून: अंड्यांच्या पिशवीत ५१४ अंडी. पिल्लं बाहेर पडली की बहुतेक वाऱ्यावर निघून जातात, तीनच गोठ्यात राहतात. ५१४ हा आकडा गोष्ट रंगवणाऱ्याला सुचत नाही, निरीक्षण करणाऱ्याला सुचतो.

तेव्हा ‘शार्लट्स वेब’ घरातल्या मुलाच्या हाती द्यालच, पण त्याआधी ‘अटलांटिक’मधला तो डुकराचा लेख मिळवून स्वतः वाचा.