श्वासाची वाट – भाग ६ : तीन आठवडे आणि तीन महिने

मागच्या दोन भागांत आपण दमा समजून घेतला. आज त्याच वाटेवरचा दुसरा आजार, ब्राँकायटिस. छातीत उतरल्यावर श्वासनलिकेला दोन फाटे फुटतात, पुढे त्या फाट्यांनाही फाटे फुटत जातात. या नळ्यांच्या आतल्या अस्तराला सूज आली की तो ब्राँकायटिस. हे नाव चार्ल्स बॅडम या इंग्रज डॉक्टरने १८०८ मध्ये दिलं. नाव एकच असलं तरी त्याखाली दोन वेगवेगळे आजार आहेत, आणि दोन्हींच्या बाबतीत आपण उलटं वागतो. जिथे वाट पाहायची तिथे घाई करतो आणि जिथे घाई करायची तिथे वर्षानुवर्षं सोसत राहतो.

पहिला तात्पुरता. ‘सर्दी छातीत उतरली’ असं आपण म्हणतो तो हाच. दोन-तीन दिवस कणकण, घसा धरलेला, मग खोकला आणि कफ. बहुतेक वेळा याच्यामागे विषाणू असतो. विषाणू लवकर जातो, पण सोललेलं अस्तर पुन्हा धरायला वेळ लागतो. म्हणून खोकला सरासरी अडीच आठवडे टिकतो, कधी तीनही. हे रोग्याला कुणी सांगतच नाही. पाचव्या दिवशी खोकला गेला नाही की माणूस धास्तावतो, डॉक्टर बदलतो, ‘जरा स्ट्राँग काहीतरी द्या’ म्हणतो. दहाव्या दिवशी सुरू केलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या संपता संपता खोकला थांबतो आणि श्रेय गोळ्यांना मिळतं. तो तसाही थांबणार होताच. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा अँटिबायोटिकमुळे खोकला जेमतेम अर्धा दिवस लवकर थांबतो, एवढंच आढळलं. त्या बदल्यात जुलाब, पुरळ, आणि खरी गरज पडेल तेव्हा औषधाला न जुमानणारे जंतू.

बेडका हिरवा पडला म्हणजे ‘इन्फेक्शन वाढलं’, हाही गैरसमज. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या एका हिरवट द्रव्याचा असतो, आणि त्या पेशी विषाणूशी लढतानाही येतात. आराम, कोमट पाणी, रात्री चमचाभर मध (एक वर्षाखालच्या बाळाला मध मुळीच नको), एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. लहान मुलांना मनाने खोकल्याचं सिरप पाजू नये. वाफेसाठी उकळतं पातेलं त्यांच्यासमोर ठेवू नये. भाजण्याचा धोका खोकल्याहून मोठा.

पण धाप लागली, छातीत टोचायला लागलं, ताप उतरून पुन्हा चढला, थुंकीतून रक्त आलं किंवा म्हातारं माणूस गुंगीत बोलायला लागलं, तर थांबायचं नाही. आणि आपल्या देशात आणखी एक नियम पाळायलाच हवा. खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला की क्षयासाठी थुंकी तपासायची. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते. खोकला साधाच असण्याची शक्यता जास्त, तरीही तपासायचं.

आता दुसरा, जुनाट ब्राँकायटिस. त्याची व्याख्याच दिनदर्शिकेवर बेतलेली आहे. वर्षातले किमान तीन महिने कफाचा खोकला, आणि असं लागोपाठ दोन वर्षं. श्वासवाहिन्यांच्या अस्तरावर सूक्ष्म लव असते. वाऱ्यावर पीक डोलावं तशी ती सेकंदाला दहा-बारा वेळा हलते आणि धूळ, जंतू, कफ वर घशाकडे ढकलत राहते. रोजच्या धुराने ही लव झडते. कफाच्या ग्रंथी मात्र फुगत जातात. किती, हे लंडनच्या लिन रीड यांनी १९६० मध्ये मोजून दाखवलं. कफ जास्त आणि तो वर आणणारं कुणी नाही, म्हणून उरतो तो पहाटेचा खोकला.

असा धूर काय करू शकतो, ते लंडनने पाहिलं आहे. डिसेंबर १९५२ मध्ये तिथे पाच दिवस धूरमिश्रित धुकं साचलं. त्यात सुमारे चार हजार माणसं दगावल्याचा त्या वेळचा अंदाज होता. तो धूर बराचसा घराघरांतल्या शेगड्यांमधल्या कोळशाचा होता. १९५६ मध्ये कायदा आला आणि त्या शेगड्यांवर बंधनं आली. आपल्याकडचा धूर स्वयंपाकघराबाहेर पडत नाही, म्हणून तो कुणाला दिसत नाही. पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या घालून फुंकणीने फुंकर मारणारी बाई तो वीस-तीस वर्षं खाते, बऱ्याचदा मूल मांडीवर घेऊन. दवाखान्यात तिला विचारतात, ‘विडी ओढता का?’ ती ‘नाही’ म्हणते आणि चौकशी तिथेच संपते. हे मला फार लागतं. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांना होणाऱ्या श्वासनळ्यांच्या अशाच जुनाट आजाराविषयी सविस्तर लिहिलं, त्यात असा धूर हे एक मोठं कारण होतं. गॅस आला म्हणून प्रश्न मिटला असंही नाही. चहा-भाजी गॅसवर होते, पण आंघोळीचं पाणी आणि भाकरी अनेक घरांत चुलीवरच. शिवाय बंद खोलीत डासांची कॉइल. एका कॉइलमधून पाऊणशे ते सव्वाशेहून अधिक सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात, असं २००३ मधल्या एका अभ्यासात आढळलं आहे.

‘वयाचा खोकला’ असा काही आजार नसतो. फुंकून करायची स्पायरोमेट्री ही तपासणी झाली की नळ्या किती अरुंद झाल्यात ते कळतं. धूर थांबवणं हा उपचारातला सर्वात मोठा भाग. विडी-सिगारेट कोणत्याही वयात सोडली तरी फुप्फुसांच्या झिजेचा वेग मंदावतो, मात्र गेलेली ताकद फारशी परत येत नाही, म्हणून लवकर. चूल अगदी सोडता येत नसेल तर ती पडवीत न्यावी, सरपण कोरडं वापरावं, धुराडं बसवावं. इन्फ्लुएन्झा आणि न्यूमोकोकसच्या लशींबद्दल डॉक्टरांना विचारावं.

नळ्या अरुंद झाल्या असतील तर डॉक्टर श्वासातून औषध ओढायचा पंप देतात, आणि इथे घरात वाद सुरू होतो. ‘एकदा लागला की सुटत नाही.’ पंपाचं व्यसन लागत नाही. औषध थेट नळ्यांत पोहोचतं, म्हणून गोळीच्या तुलनेत अगदी थोडं पुरतं. बंद केल्यावर त्रास परत येतो कारण आजार तिथेच असतो. स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरायची, म्हणजे तोंड येत नाही. बऱ्याच जणांचं औषध घशातच राहतं, कारण पंप दाबणं आणि श्वास ओढणं यांचा मेळ बसत नाही. तो कसा बसवायचा आणि स्पेसर कसा वापरायचा, ते पुढच्या आठवड्यात पाहू. घरातला पंप तोवर एकदा उघडून त्यावरची मुदतीची तारीख तपासून ठेवा.