थेरपी कोणती, आणि ती टिकणार किती?

मुंबई-नाशिक महामार्गावरच्या मानकोली नाक्याभोवती गोदामांचं जाळं आहे. इथे पाळीत काम करणाऱ्या एखाद्याला ‘बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर’ असं निदान मिळालं, तर दोन प्रश्न एकदमच उभे राहतात. थेरपी कोणती घ्यायची? आणि पाळी सांभाळून, वाहतूक कोंडीतून दर आठवड्याला ठाणं गाठायचं कसं?

या विकारात भावना झपाट्याने उसळतात आणि ओसरायला वेळ लागतो. जवळचं माणूस सोडून जाईल, ही धास्ती सतत असते. त्यापायी आज ज्याला डोक्यावर घेतलं, त्याच्याशी उद्या अबोला. काही जण स्वतःला इजा करून घेतात. घरचे याला ‘नाटकं’ म्हणतात, पण हे नाटक नव्हे. या विकारावर नेमकं असं औषध नाही. गोळ्यांचा उपयोग होतो तो सोबतच्या नैराश्यासारख्या त्रासांवर. मुख्य उपचार संवादाचाच.

सर्वाधिक अभ्यासलेली थेरपी म्हणजे मार्शा लिनेहन यांची डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी). सजगता, ताण सोसणं, भावना आवरणं आणि नाती सांभाळणं ही चार कौशल्यं तिथे शिकवणी घ्यावी तशी गटात शिकवतात. जोडीला थेरपिस्टबरोबर स्वतंत्र भेट असते. स्वतः लिनेहन तरुणपणी अशाच यातनांतून गेल्या होत्या. हे त्यांनी 2011 मध्ये जाहीरपणे सांगितलं. लंडनच्या बेटमन आणि फोनागी यांची एमबीटी (मेंटलायझेशन-बेस्ड ट्रीटमेंट) वेगळ्या बाजूने जाते. ‘तिने फोन उचलला नाही, म्हणजे तिला मी नकोय’ या निष्कर्षापाशी थांबून, तिच्या मनात आणखी काय असू शकेल, हे पाहायला ती शिकवते. जेफ्री यंग यांची स्कीमा थेरपी बालपणी अपुऱ्या राहिलेल्या गरजांकडे वळते. ऑटो कर्नबर्ग यांची टीएफपी (ट्रान्सफरन्स-फोकस्ड सायकोथेरपी) थेरपिस्टशी जुळणारं नातंच तपासायला घेते.

मग सरस कोणती? नेदरलँड्समध्ये 2006 साली प्रसिद्ध झालेल्या तीन वर्षांच्या तुलनेत स्कीमा थेरपी टीएफपीपेक्षा सरस ठरली. उपचार अर्ध्यावर सोडणारेही तिच्यात कमी होते. मात्र 2009 मध्ये कॅनडातल्या 180 रुग्णांच्या अभ्यासात वर्षभराची डीबीटी आणि तितकाच काळ नीट आखून दिलेले मानसोपचार यांत लक्षणीय फरक आढळला नाही. दोन्हीकडचे रुग्ण सुधारले. पंचाहत्तर चाचण्यांचा 2020 मधला कॉक्रेन आढावाही हेच सुचवतो: संवादी उपचारांचा फायदा होतो, पण एकीलाच निर्विवाद पहिला क्रमांक देता येत नाही.

मानकोलीच्या माणसाला यात दिलासा आहे. घराजवळ डीबीटीचा संपूर्ण कार्यक्रम नसला, तरी दार बंद होत नाही. ठाण्यात 1901 पासूनचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये उभी केलेली आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्थाही. थेरपिस्टला सरळ विचारा: या विकाराचा अनुभव आहे का? किती महिने चालेल? दोन भेटींच्या मध्ये मन अनावर झालं तर काय करायचं? प्रत्यक्ष जाणं जमत नसेल, तर काही भेटी ऑनलाइन होतील का, हेही विचारा.

आत्महत्येचे विचार येत असतील, तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. एरवी नावाजलेल्या थेरपीच्या शोधात वर्ष घालवण्यापेक्षा, जाणता थेरपिस्ट गाठा आणि किमान वर्षभर त्याची साथ सोडू नका.