मार्केटिंग म्हणजे फक्त जाहिरात? मग ही सुकेळी बघा

मार्केटिंग म्हटलं की नको असलेले कॉल आणि स्किप न होणारी जाहिरात आठवते ना? मलाही तेच वाटायचं. मत बदललं वसईच्या बाजारात.

बाहेरून आलेल्यांसाठी सांगतो, सुकेळी म्हणजे पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली. वरून साखर नाही, तळण नाही. पण रोज उन्हात मांडा, उलटा, संध्याकाळी झाका, पावसाची धास्ती वेगळीच. आणि एवढं करून हातात काय, तर तपकिरी, चिकट, सुरकुतलेला तुकडा! दिसायला, खरं सांगू, काहीच खास नाही.

माझ्यासमोर एका मुलाने विचारलं, “मावशी, ही चिंच का?” भाव ऐकून तो निघालाच. त्याचं तरी काय चुकलं? शेजारी ताजी केळी स्वस्त होती. मावशींनी हाक मारली, “अरे, चाखून तर जा!” तुकडा दिला, सांगितलं की पाणी उडून वजन घटतं म्हणून भाव जास्त, आणि बरणीत पुष्कळ दिवस टिकतात. तो पाव किलो घेऊन गेला.

हे मार्केटिंग. विकणाऱ्याला माल माहीत असतो, घेणाऱ्याला नसतो, ती दरी भरायची. नाही भरली तर? अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या उदाहरणाने हेच दाखवलं. चांगलं-वाईट ओळखता येत नसेल, तर ग्राहक सगळ्यालाच मधला भाव देतो, आणि चांगला मालवाला बाजार सोडतो. म्हणजे आपल्याकडे काय, तर सुकेळी घालणंच बंद.

आता मावशींचा तुकडा काही लंडनला पोचत नाही. तिथे नाव लागतं. आपल्याच जिल्ह्यातल्या डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०२१ मध्ये त्याची खेप ब्रिटनला गेली. मानांकनाने चिकू जास्त गोड होत नाही हो! पण भलताच चिकू त्या नावाने विकता येत नाही, आणि लांबच्या ग्राहकाला न चाखता भरवसा मिळतो. अर्थात लेबल खोटं निघालं, तर तो भरवसा एका पाकिटात संपतो.

आणि हे एकतर्फी नसतं, हे आम्ही ॲप बनवणारेसुद्धा विसरतो. मी मावशींना म्हटलं, “पाव किलो नको, लोकलमध्ये खायला चार-पाचच द्या.” त्या म्हणाल्या, “एवढीशी कोण घेतं रे?”

पुढच्या रविवारी टोपलीच्या कडेला छोट्या पुड्या मांडलेल्या. मी दोन घेतल्या.