मुका रेडिओ बोलता कसा होतो ?

गेल्या सुटीनंतर नववीच्या वर्गांतील एक विद्यार्थी आपल्या आजोबांचा जुना रेडिओ घेऊन आमचेकडे आला. लांकडी पेटी, पुढें ताणलेलें कापड आणि कांचेच्या पट्टीवर दूरदूरच्या शहरांचीं नांवें. कित्येक वर्षें तो पोटमाळ्यावर मुका पडला होता. "सर, एकदां प्लग लावून पाहूं का ?" असें म्हणून त्यानें वायर हातीं घेतली. आम्हीं त्याचा हात धरला. कारण या उतावळेपणाची किंमत आम्हीं स्वतः एकदां दिली आहे. तरुणपणीं शेजारच्या एका आजींनीं आपल्या दिवंगत यजमानांचा रेडिओ विश्वासानें आमच्या स्वाधीन केला होता. तो आम्हीं आणल्याबरोबर विजेला जोडला. थोड्याच वेळांत धूर निघून त्यांतील ट्रान्सफॉर्मर जळाला. तसा दुसरा आम्हांस कोठें मिळाला नाहीं. त्या बाईंनीं शब्दानेंही दोष दिला नाहीं; पण ती पेटी परत नेऊन देतांना आम्हांस मान वर करवेना. विद्यार्थ्यांवर तसा प्रसंग येऊं नये, म्हणून हा लेख.

यंत्र दुरुस्त करावयाचें तर प्रथम तें चालतें कसें हें समजलें पाहिजे. जुन्या रेडिओचा प्राण म्हणजे कांचेचा वाल्व्ह. फ्लेमिंग यांनीं १९०४ सालीं दोन अग्रांचा वाल्व्ह केला, आणि १९०६ मध्यें डी फॉरेस्ट यांनीं त्यांत जाळी घालून तिसरें अग्र दिलें. या जाळीमुळें क्षीण विद्युत्-लहरी मोठी करतां येऊं लागली. मुंबईचें नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें, तेव्हां अशाच वाल्व्हांच्या साहाय्यानें लोक तें ऐकत.

एरियलवर अनेक केंद्रांच्या लहरी एकाच वेळीं येतात. समजा, आपणांस १००० किलोसायकलचें केंद्र हवें आहे. रेडिओ स्वतःच १४५५ किलोसायकलची एक लहर उत्पन्न करून तींत ही मिसळतो. दोहोंतील अंतर ४५५. सुई कोठेंही फिरवा, हें अंतर तेंच राहतें. म्हणून पुढील सर्व भाग त्या एकाच संख्येसाठीं जुळवून ठेवतां येतात. ही युक्ति आर्मस्ट्राँग यांनीं १९१८ सालीं शोधिली. पुढें त्या लहरींतून ध्वनि वेगळा काढला जातो, तो दोन वाल्व्हांतून मोठा होतो व लाऊडस्पीकरपर्यंत पोहोंचतो. या सर्वांस वीज पुरविणारा भाग निराळा. त्यांतील ट्रान्सफॉर्मर वाल्व्हांच्या तारा तापविण्यास बहुधा ६.३ व्होल्ट देतो, आणि एक वाल्व्ह व मोठे कंडेन्सर मिळून सुमारें २५० व्होल्टांचा स्थिर प्रवाह तयार करतात.

हेच २५० व्होल्ट जिवावर बेततात. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्यें वीज सांठून राहते. म्हणून दोन-तीन हजार ओहमचा रोधक, मूठ असलेल्या तारेनें, कंडेन्सरच्या अग्रांवर कांहीं क्षण धरून ती उतरवावी, आणि उतरली कीं नाहीं हें मीटरवर पाहूनच आंत हात घालावा. चालू यंत्रांत मोजमाप करतांना एक हात पाठीमागें असावा. कांहीं रेडिओंत ट्रान्सफॉर्मर मुळींच नसतो; त्यांचा लोखंडी सांगाडाच थेट विजेच्या तारेस जोडलेला असतो. असे रेडिओ विद्यार्थ्यांनीं उघडूं नयेत.

आतां त्या मुलाच्या रेडिओकडे वळूं. प्रथम ब्रशानें धूळ काढली, कुरतडलेली वायर बदलली. नंतर आम्हीं सीरीज बोर्ड घेतला, म्हणजे रेडिओच्या वाटेंत १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा, तार तापणारा दिवा जोडला. एल्. ई. डी. दिवा येथें उपयोगाचा नाहीं. आंत कोठें शॉर्ट असेल तर दिवा लख्ख पेटतो, आणि जें नुकसान व्हावयाचें तें दिव्याच्या प्रकाशांत निघून जातें. वीज पुरविणारा वाल्व्ह काढून ठेवून पाहिलें, तेव्हां दिवा मंद राहिला. म्हणजे ट्रान्सफॉर्मर शाबूत होता. वाल्व्ह परत बसविला. तो तापतांच दिवा भडकला. अर्थात् दोष वाल्व्हच्या पलीकडे होता. शोधतां मोठा कंडेन्सर आंतून सुकून शॉर्ट झालेला आढळला. आंतील द्रव वर्षानुवर्षें वाळत जातो, हा या रेडिओंचा नित्याचा रोग. तो सौम्य असेल तर नुसती घूं-घूं ऐकूं येते. आम्हीं त्याच मापाचा, ४५० व्होल्टांचा नवा कंडेन्सर अधिक-उणें अग्रें नीट पाहून जोडला. येथें फार मोठें माप घालूं नये. त्यानें वाल्व्हवर ताण पडतो.

आतां दिवा मंद राहिला. रेडिओ थेट विजेवर लावला; आवाज आला, पण घोगरा, घशांत कांहीं अडकल्यासारखा. शेवटच्या वाल्व्हच्या जाळीवर मीटर लावला, तों ९ व्होल्ट अधिक ! तेथें शून्य किंवा उणें असावयास हवें. अलीकडील कागदी कंडेन्सरचें एक टोंक सोडवितांच ते व्होल्ट नाहींसे झाले. तो कंडेन्सर गळत होता. असें गळणें दुर्लक्षिलें तर शेवटचा वाल्व्ह आणि त्यापुढील लहान ट्रान्सफॉर्मर हे दोन्ही जळतात. म्हणून मोठ्या कंडेन्सरखालोखाल हा छोटा कंडेन्सर आधीं तपासावा.

रेडिओ अगदींच मुका असेल तर शोध लाऊडस्पीकराकडून मागें मागें करावा. आवाजाच्या बटणाच्या मधल्या अग्रास, मूठ नीट झांकलेल्या पेंचकसाचें टोंक लावावें. भणभण ऐकूं आली तर तेथून पुढील भाग चांगला आहे. दोष अलीकडे शोधावा. बटण फिरवितांना खरखर होत असेल तर तें साफ करणें पुरतें. मात्र मधल्या ट्रान्सफॉर्मरांचे ते छोटे स्क्रू सहज म्हणून कोणीं फिरवूं नयेत. ते कारखान्यांत जुळविलेले असतात. एकदां बिघडले कीं साधनांवांचून पूर्ववत् होत नाहींत. आणखी एक गोष्ट आजच्या काळाची : खरखर ऐकूं आली तर यंत्रास दोष देण्यापूर्वीं घरांतील एल्. ई. डी. दिवे व मोबाईलचे चार्जर बंद करून पाहावेत. बहुधा गुन्हेगार तेथेंच सांपडतो.

संध्याकाळ झाली होती. रात्रीं मध्यम लहरी आकाशांतील विद्युन्मय थरांवरून परतून दूरवर पोहोंचतात. मुलानें सुई हळूहळू सरकविली आणि अस्पष्ट शिट्टीमागून एक गाणें स्वच्छ उमटलें. दुसऱ्या दिवशीं त्यानें सांगितलें कीं, आजोबा रात्रीं उशिरापर्यंत रेडिओजवळ बसून होते, कांहीं बोलले नाहींत.

आमच्या हातून जळालेला तो पहिला रेडिओ आतां परत येणें नाहीं. परंतु त्यानें शिकविलेला धडा आम्ही दर वर्षीं नव्या मुलांस देतों : आधीं पाहा, मग मोजा, मग विचार करा, आणि सर्वांच्या शेवटीं प्लग लावा.